कोच टिडवेलच्या आईचं आजारपण

हार्लन टिडवेलला एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना त्याचा उजवा गुडघा असा काही नाचायचा, की अख्खं बाकडं थरथरायचं आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मागे वळून बघायच्या. मग त्याची बायको मर्ना आपली जाडजूड पर्स त्याच्या मांडीवर ठेवायची. पर्सच्या वजनानं गुडघा थांबला, की बोटं सुरू व्हायची. जेवतानाही घास तोंडात आणि खुर्ची अर्धी मागे सरकवलेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत त्यांनी सहा घरं बदलली होती. दर वेळी आधीपेक्षा थोडी मोठी शाळा, थोडा मोठा संघ.

अरकान्सासमधल्या मिल्स बेंड कॉलेजनं त्याला हातानं फेकायच्या अमेरिकन फुटबॉलचा मुख्य कोच म्हणून बोलावलं, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. नदीच्या वळणावरचं गाव. भाताची शेतं, माशांची तळी, कापसाची एक गिरणी, अकरा चर्चं. वस्ती साडेसहा हजारांची आणि कॉलेजचं मैदान नऊ हजार माणसं मावतील एवढं. आधीच्या दोन वर्षांत संघानं सगळे मिळून तीन सामने जिंकले होते. क्रीडा संचालक बफर्ड केलम यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "बाबा रे, चमत्कार नको. शनिवारी लोकांना मान खाली घालून घरी जावं लागू नये, एवढं बघ."

हार्लननं त्याहून पुष्कळ जास्त बघितलं.

नदीकाठच्या सात तालुक्यांत धिप्पाड, चपळ पोरांना तोटा नव्हता. पण चांगली पोरं नदीपलीकडच्या कॉलेजात जायची, नाहीतर कुठंच न जाता गिरणीत लागायची. हार्लन त्यांच्या घरी जायला लागला. जायचा तोही मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात. त्याची स्वतःची आई शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची, वडील लवकर गेले होते. घरातले निर्णय कुठल्या टेबलाशी होतात, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सोबत ओडेल रेनवॉटर असायचे. पुढच्या फळीतल्या पाच दांडग्या पोरांना तयार करणं हे त्यांचं काम. वय एकसष्ट, अंगानं कपाटाएवढे, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. ते बेथेल चर्चचे डीकन, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक होते आणि सात तालुक्यांत असं एकही काळं कुटुंब नव्हतं, की ज्यांच्या बारशाला नाहीतर मयताला ओडेल गेले नव्हते. हार्लन गोरा, परगावचा. ओडेल दारात उभे राहिले, की दार उघडायचं. आणि एकदा आत शिरला, की हार्लन पुढचं सगळं निभावून न्यायचा. तळलेला मासा, मक्याचा पाव, शिजवलेली पालेभाजी, जे पुढ्यात येईल ते खायचा, दुसऱ्यांदा मागून घ्यायचा आणि जेवण झालं की फडकं उचलून ताटल्या पुसायला लागायचा.

मिस अर्लीन गुडलो यांच्या घरी तो तीन वेळा गेला. त्यांचा मुलगा मार्कीस म्हणजे त्या वर्षीचं सात तालुक्यांतलं सगळ्यांत गुणी पोर. चेंडू कुणाकडे फेकायचा, कधी स्वतःच काखेत दाबून धावायचं, हे त्याला दुसऱ्यांच्या आधी दिसायचं. दोन मोठ्या विद्यापीठांची पत्रं घरात येऊन पडली होती. मिस अर्लीन शाळेची बस चालवायच्या, त्यामुळं पोरं आणि त्यांच्या थापा दोन्ही त्यांच्या चांगल्या परिचयाच्या.

तिसऱ्या वेळी ताटल्या पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कोच, बसा. तुमचा तो गुडघा धरून ठेवा आणि माझ्याकडे बघा. एकच विचारते. माझं पोर तुमच्याकडे चार वर्षं राहणार. तुम्ही राहणार का?"

"मी कुठं जातोय, बाई? तुमच्या हातचा मासा सोडून?"

"माशाचं नका सांगू. सरळ सांगा."

"मार्कीस असेपर्यंत मी इथंच आहे," हार्लन म्हणाला. आणि त्या क्षणी ते त्याला अगदी मनापासून वाटत होतं. बोलताना त्याला नेहमी मनापासूनच वाटायचं.

मिस अर्लीननी ओडेलकडे बघितलं. ओडेलनी मान हलवली. ती मान हलली म्हणून मार्कीस मिल्स बेंडला आला, आणि मार्कीस आला म्हणून त्याच्यामागं आणखी अकरा पोरं आली.

तिसऱ्या वर्षी संघानं अकरा सामने जिंकले.

गावाचं भानच हरपलं. पर्लच्या खानावळीत हार्लनचा फोटो लागला. न्हाव्याच्या दुकानात त्याचा नंबर सगळ्यांच्या आधी लागायचा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन बॅप्टिस्ट चर्चांनी सामन्याआधी एकत्र प्रार्थना केली. हार्लन मात्र दर रविवारी पेपर उघडून दुसऱ्याच पानावर जायचा. कुठल्या विद्यापीठानं कोच काढला, कुठं जागा रिकामी झाली, ते बघायचा. मर्ना तिसरीच्या वर्गाला शिकवायची. गावात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या. ती म्हणाली, "निदान जिंकल्याचा आनंद तरी सबंध एक दिवस होऊ दे रे."

"झाला की. काल झाला."

डिसेंबरात शेवटच्या मोठ्या सामन्याला दहा दिवस उरले होते, आणि टेनेसीमधल्या एका मोठ्या विद्यापीठाचा फोन आला. मुलाखतीला या, परवाच या, कुणाला कळू देऊ नका.

हार्लननं ओडेलना कळू दिलं. दोघं मैदानाच्या कडेला उभे होते.

"जा की," ओडेल म्हणाले. "माणसानं वर जाऊ नये असं कुठं लिहिलंय? पण पोरांना सांगून जा."

"आणि नाही मिळाली तर? मग काय तोंड दाखवू त्यांना?"

"हेच दाखव. घरचीच पोरं आहेत, समजून घेतील."

"मिस्टर ओडेल, सामना दहा दिवसांवर आलाय. पोरांचं चित्त उडेल."

"चित्त कुणाचं उडालंय, ते मला दिसतंय," ओडेल म्हणाले आणि शिट्टी तोंडात धरून आपल्या पाच पोरांकडे वळले.

त्या दुपारी हार्लननं संघाला गोळा केलं. खरं सांगायचं असं ठरवूनच तो उभा राहिला असावा. पण समोर साठ चेहरे, साठ जोडी विश्वासाचे डोळे. आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "पोरांनो, माझ्या आईची तब्येत बरी नाही. मला दोन दिवस जावं लागतंय."

कुणीतरी हुंकार भरला. मग मार्कीस पुढं आला, हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुडघे टेकले. पाठोपाठ सगळा संघ गुडघ्यांवर. मार्कीस मोठ्यानं प्रार्थना म्हणत होता, "देवा, कोचच्या आईला सांभाळ, त्यांनी कोचला वाढवलं आणि कोचनी आम्हाला," आणि हार्लनला मान खाली घालून शेवटी 'आमेन' म्हणावं लागलं.

टेनेसीत लांबलचक टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती. त्यांनी पाणी दिलं, अभिनंदन केलं आणि विचारलं, "तुमची पद्धत काय, कोच? तुमचं असं वेगळं काय?"

हार्लनची पद्धत म्हणजे चांगली पोरं आणायची, पुढच्या पाच जणांनी समोरच्यांना मागं रेटायचं आणि मार्कीसला मोकळं सोडायचं. त्यानं तसंच सांगितलं. टेबलाच्या टोकाचा एक तरुण गृहस्थ हसला. वाईट नाही हसला, पण हसला. तिसऱ्याच दिवशी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, ज्याच्या पद्धतीला नाव होतं.

त्याआधी, परतीच्या विमानाची वाट बघत असताना, त्यानं घरी फोन केला होता. मर्ना म्हणाली, "आधी तुझ्या आईला फोन कर. त्यांचे दोन फोन येऊन गेले."

आई दीड तासाच्या अंतरावरच्या गावात एकटी राहायची. वय बहात्तर, आवाज खणखणीत.

"हार्लन, मी आजारी आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पाच बायका आल्या होत्या गाडी करून. चर्चच्या. हातात सूपचं पातेलं आणि लिंबाचा केक. मी शिडीवर चढून पन्हाळीचा पत्रा ठोकत होते. खालून एक बाई म्हणते, 'मिसेस टिडवेल कुठं झोपल्यात?' म्हटलं, झोपायला काय झालंय मला? मीच मिसेस टिडवेल."

"मग?"

"मग काय. ती तुझी गुडलोबाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'कोच तुमच्यापाशी आलेत ना?' आता मला काय स्वप्न पडलं होतं तू काय सांगून गेलायस त्याचं? मी म्हटलं, नाही हो, तो नोकरी बघायला टेनेसीला गेलाय. तुम्हाला सांगितलं नाही का त्यानं?"

हार्लननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्यांना कॉफीला थांबा म्हटलं, हार्लन. त्या थांबल्या नाहीत. केक मात्र ठेवून गेल्या. मला तो घशाखाली उतरवायला लाज वाटली, पण चांगला होता."

परतताना त्यानं गाडीत पाच-सहा वेगवेगळी वाक्यं जुळवली. त्यातली दोन तर चांगली होती. एक नुसतं 'माझं चुकलं' एवढंच होतं. संघाच्या खोलीत शिरला तेव्हा सगळे आधीच बसलेले. ओडेल भिंतीला टेकून उभे. कुणी काही बोलायच्या आत मार्कीस उठून उभा राहिला. "सर, आई कशी आहे?"

आवाजात ना टोमणा, ना राग. नुसता प्रश्न. पोरानं हातात दोर दिला होता, तो फक्त धरायचा होता. हार्लनला ते कळलंही. पण त्याच क्षणी डोक्यात दुसरं चालू झालं, की कदाचित पोरांना ठाऊक नसेल, कदाचित मिस अर्लीननी सांगितलंच नसेल, आणि सामना सात दिवसांवर आलाय.

"आता बरी आहे," तो म्हणाला. "तुमच्या प्रार्थनेनं."

साठ पोरांनी आपापल्या बुटांकडे बघितलं.

"देवाची कृपा, सर," मार्कीस म्हणाला आणि खाली बसला.

तो सामना ते हरले. पोरं वाईट खेळली असं नाही. सांगितलेलं सगळं त्यांनी केलं; न सांगितलेलं काही केलं नाही. आणि त्या संघाची सगळी जादू न सांगितलेल्या गोष्टींत होती.

बाहेर आल्यावर ओडेल त्याच्याजवळ आले. "अर्लीनकडे जाऊन ये."

"जातो. उन्हाळा लागण्याआधी जातो."

"उन्हाळ्याचं काय घेऊन बसलास? उद्या जा. मी येतो बरोबर. तू काही बोलायचं नाहीस, फक्त चुकलं म्हणायचं आणि ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं."

"मिस्टर ओडेल, एवढीशी गोष्ट आहे. पोरं विसरलीसुद्धा असतील."

ओडेलनी तो विषय पुन्हा काढला नाही. ते एक गोष्ट एकदाच सांगायचे.

हार्लनच्या डोक्यात आता एकच घुमत होतं: पद्धत. त्या नऊ जणांसमोर आपल्याकडे नाव असलेली पद्धत नव्हती. पुढल्या वेळी असायला हवी. त्यानं डॅलसहून ट्रेंट व्हेल्डन नावाचा एकोणतीस वर्षांचा साहाय्यक आणला. ट्रेंटकडे रंगीत तक्त्यांच्या चार वह्या होत्या आणि तो बोलताना सतत हवेत बाण काढायचा. रेटारेटी बंद, म्हणाला. आता सगळं लांब फेकीवर, सगळं वेगावर. पुढच्या फळीतली पोरं जड आहेत, त्यांचं वजन उतरवा. ज्या पोरांना ओडेलनी दोन वर्षं खाऊ घालून उभं केलं होतं, त्यांना आता भाजीपाला चघळत पळायला लावलं.

मार्कीसचं शेवटचं वर्ष. सात सामने जिंकले. तो दर वेळी 'हो सर', 'नाही सर' म्हणायचा. पूर्वी हार्लनच्या कचेरीत शिरून टेबलावर बसून शेंगदाणे खायचा, ते बंद झालं. पदवी मिळाली, त्या दिवशी त्यानं हार्लनशी हात मिळवला. मिस अर्लीननी लांबूनच मान लववली.

त्यानंतर नदीकाठची पोरं येईनाशी झाली.

आधी हार्लनच्या ते लक्षातच आलं नाही. घरांतून त्याचं स्वागत व्हायचं, कुणी तोंडावर दार लावलं नाही. फक्त आता त्याला पुढच्या दारानं घेत, बैठकीच्या खोलीत बसवत. चहा यायचा, बर्फ घातलेला, नक्षीच्या पेल्यात. "विचार करतो, कोच." "त्याच्या मामाला विचारायला हवं, कोच." आणि ऑगस्टात ते पोर नदीपलीकडच्या कॉलेजात दिसायचं. हार्लन म्हणाला, तिकडे मैदान नवं आहे ना, म्हणून. मग म्हणाला, आपले पोशाख जुनाट आहेत. पोशाख बदलले, शिरस्त्राणं सोनेरी केली. मग म्हणाला, ही पोरंच आता पूर्वीची राहिली नाहीत.

तो फ्लोरिडाहून पोरं आणायला लागला, डॅलसहून, ह्यूस्टनहून. ती वेगवान होती. सप्टेंबरात झकास खेळायची. ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली, गाव धुरळ्यानं भरलं, संध्याकाळी जायला पर्लच्या खानावळीशिवाय काही नाही, की त्यांना घराची आठवण यायची. निम्मी नाताळाला गेली ती परत आलीच नाहीत.

पाच सामने. मग चार.

ओडेलना त्यानं काढलं नाही. त्यांना 'सल्लागार' केलं आणि धुलाईघराशेजारची खोली दिली. ओडेल आठवडाभर त्या खोलीत बसले. मग एका सकाळी टोपी हातात घेऊन आले.

"मी गावच्या शाळेत लागतोय. तिथल्या पोरांना कुणी नाही."

"मिस्टर ओडेल, तुम्हाला काय कमी होतं इथं?"

"काम," ओडेल म्हणाले.

हार्लनला बोलायचं होतं. गुडघा नाचत होता, हातातलं पेन टेबलावर ठकठक वाजत होतं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी सगळं जमून येईल, बघा तुम्ही."

"बघीन की. शाळेचं मैदान पलीकडेच आहे, ओरडाआरडा ऐकू येतो," ओडेल म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर हार्लनला खरं सांगणारी फक्त मर्ना उरली. दर डिसेंबरात तो फोनपाशी घुटमळायचा. एका वर्षी केंटकीहून विचारणा झाली, पण पुढं काही आलं नाही. एका वर्षी त्यानं आपणहून दोन ठिकाणी फोन लावले आणि सेक्रेटरीबाईनं नावाचं स्पेलिंग विचारलं. मर्नानं एका शनिवारी सकाळी अंगणात अंजिराचं रोप लावायला घेतलं, तर हा म्हणाला, "कशाला? फळ धरेपर्यंत आपण इथं थोडेच असणार?"

"सहा वर्षं ऐकतेय हे," मर्ना माती दाबत म्हणाली. "तू जिथं असतोस तिथं कधी नसतोसच, हार्लन. त्या पोरांना ते कळत नसेल असं वाटतं का तुला? माझ्या वर्गातल्या तिसरीतल्या पोरांनासुद्धा कळतं, बाई आज वर्गात आहे की नाही ते."

त्यानं ट्रेंटला काढलं. दुसरा आणला, त्याची पद्धत वेगळी. वर्षभरात त्यालाही काढलं. सराव पहाटे घेऊन बघितला, मग दुपारी. एक वर्ष पोरांना गाणी लावून पळवलं, एक वर्ष अगदी शांततेत. आठव्या मोसमात दोन सामने जिंकले. मैदानावर अखेरीला हजारभर माणसं होती, त्यातली निम्मी विरुद्ध बाजूची. त्या विरुद्ध संघाच्या पुढच्या फळीत नदीकाठची चार पोरं होती, चौघांना त्यानं स्वतः बैठकीच्या खोलीत भेटून आग्रह केला होता. चौघं सामन्यानंतर अदबीनं त्याला भेटून गेले.

सोमवारी केलमनी त्याला बोलावलं. केलम आता म्हातारे झाले होते, त्यांना असल्या गोष्टींचा मनापासून त्रास व्हायचा. "हार्लन, काय झालं रे?" ते म्हणाले. "मला कागदावर लिहायचंय म्हणून विचारत नाही. मला खरंच कळलेलं नाही."

"मलाही नाही, सर," हार्लन म्हणाला.

कचेरी आवरायला दोन तास लागले. मग करायला काहीच उरलं नाही, आणि काहीच न करणं त्याला येत नव्हतं. तो चालत सुटला. चालता चालता शाळेच्या मैदानावर पोचला. ओडेल सत्तरीला टेकले होते, बादली उलटी घालून तिच्यावर बसून पोरांना ओरडत होते.

"काढलं मला," हार्लन म्हणाला.

"ऐकलं. पर्लकडे फोटो उतरवलाय तुझा, खुणेचा चौकोन तेवढा राहिलाय भिंतीवर."

हार्लन तारेच्या कुंपणाला टेकला. "माझं काय चुकलं, मिस्टर ओडेल? ट्रेंट? वजन उतरवलं ते?"

"ते चुकलंच. पण चांगल्या पोरांना घेऊन वाईट पद्धतसुद्धा पाच-सहा सामने जिंकते. तुझ्याकडे पोरंच आली नाहीत."

"का आली नाहीत?"

ओडेलनी शिट्टी काढून हातात घेतली. "तू पाच वर्षांत मला हे आत्ता विचारतोयस, होय? अर्लीन रोज सकाळी शाळेची बस चालवते, हार्लन. रविवारी स्वयंपाकाला बेथेल चर्चच्या खानावळीत असते. तिनं कुणाला काही सांगितलं नाही रे, मुद्दाम नाही. पण कुणी येऊन विचारलं, 'माझ्या पोराला टिडवेलकडे पाठवू का?' तर ती काय करायची माहीत आहे? गप्प बसायची. आमच्याकडे अर्लीन गुडलो गप्प बसली म्हणजे पुष्कळ झालं."

"त्या एका थापेसाठी?"

"पहिलीसाठी नाही," ओडेल म्हणाले. "पहिली थाप कोणीही मारतं. पोरानं सगळ्यांदेखत तुला विचारलं, आई कशी आहे. तिथं तू दुसरी मारलीस."

पोरं पळायची थांबून यांच्याकडे बघत होती. ओडेलनी त्यांना हात करून पुन्हा पळायला लावलं.

हार्लन तिथून घरी गेला नाही. मिस अर्लीन यांच्या घरी गेला. त्या व्हरांड्यात बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. त्याला बघून उठल्या नाहीत, पण समोरची खुर्ची दाखवली. आत या म्हणाल्या नाहीत.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला त्या दिवशी तिथवर जायला लागलं. आणि मग मार्कीसनं विचारलं तेव्हाही मी..."

गेल्या आठ वर्षांत त्यानं कधी इतक्या कमी शब्दांत काही संपवलं नव्हतं.

मिस अर्लीननी दोन शेंगा सोलल्या. "कोच, तुम्हाला मी कधीच माफ केलंय. त्याच दिवशी, परत येताना गाडीत. आम्ही पाचजणी होतो, पाचजणींनी केलं. तुमची आई शिडीवर बघून आम्हाला रस्ताभर हसूसुद्धा येत होतं."

हार्लननं मान वर केली.

"पण माफ करणं वेगळं," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या बहिणीचा पोरगा उचलून तुमच्या हातात देणं वेगळं. एवढंच होतं ते. मी तुमचं वाईट कधी चिंतलं नाही."

"मी विचारायला यायला हवं होतं."

"यायला हवं होतं की. मी तीन रविवार वाट बघितली. पहिल्या रविवारी तर स्वयंपाकही जास्तीचा केला होता." त्यांनी सालांची टोपली पायानं बाजूला सारली. "मार्कीस लिटल रॉकला शाळेत शिकवतो. पोरांना खेळवतोसुद्धा. तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही तो. म्हणतो, कोचनी मला पहिली तीन वर्षं जे शिकवलं, ते कुणी शिकवलं नसतं."

"आणि शेवटचं वर्ष?"

"त्याबद्दल काही म्हणत नाही," मिस अर्लीन म्हणाल्या.

फेब्रुवारीत हार्लनला मिसूरीतल्या एका लहानशा कॉलेजात जागा मिळाली. मुख्य कोचची नव्हे, पुढच्या फळीच्या कोचची. मर्ना म्हणाली, माझं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मी येणार नाही; आणि मे महिना आला तेव्हा म्हणाली, पुढचंही वर्ष बघू. तो दर रविवारी फोन करायचा. कधी ती गाडी चालवत जायची, कधी तो यायचा. दोघं भांडले नाहीत, वेगळेही झाले नाहीत. गावातल्या लोकांना या व्यवस्थेला काय म्हणावं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मिसूरीतल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात त्याला विचारलं, "कोच, तुम्ही पूर्वी अकरा सामने जिंकलेले म्हणे?"

"हो," हार्लन म्हणाला.

"मग इथं कसे?"

तोंडाशी तीन-चार उत्तरं आली. नवी मैदानं, पोशाख, ट्रेंट, फ्लोरिडा. पोरं घामाघूम होऊन गवतावर बसली होती, पाण्याच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या, आणि सराव सुरू व्हायला पाच मिनिटं होती. तो खाली बसला, त्यांच्यातच, मांडी घालून, आणि नाचणाऱ्या गुडघ्यावर हाताचा तळवा दाबून धरत म्हणाला, "मी पोरांशी खोटं बोललो होतो. ऐकायचंय का?"

ऐकायचं होतं त्यांना. सांगून होईपर्यंत पाचाची पंचवीस मिनिटं झाली आणि मुख्य कोच लांबून घड्याळ दाखवत ओरडत आला.